हात पाठीमागे!

"शाळा मास्तरांवर चालत नाही, माझ्या चिमीवर चालते!" आजीने अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं सांगितलं. जिन्यात तेव्हा फक्त दूधवाला होता. पण त्यालाही हे रोजच ऐकावं लागायचं.

तसं म्हटलं तर निम्मं खरंच होतं. शाळेतला कुठला ना कुठला संगणक रोज रुसून बसायचा, आणि दुरुस्तीवाल्याला आज बोलावलं की तो आठवड्याने उगवायचा. म्हणून शाळेने मुलांचंच एक मदत पथक तयार करायला घेतलं. शिकवायला बाहेरून एक सर येत. सातवीतली चिमी त्या पथकात होती. शेवटची परीक्षा पालकांसमोर, आणि पास होईल त्यालाच निळा बिल्ला! तो बिल्ला कपाटाच्या कुठल्या खणात ठेवायचा, हे आजीने आधीच ठरवून टाकलं होतं.

एकच गोष्ट तिच्या डोक्यात शिरत नव्हती. घरचा टीव्ही मुका झाला, की चिमी हात पाठीमागे बांधून उभी!

"आजी, तूच कर. मी फक्त विचारणार. रिमोटवर काय दाबलंस?"

"काही नाही दाबलं! आणि तुझे हात काय गहाण पडलेत?"

"सरांचा नियम आहे. आपण हात लावला की यंत्र सुरू होतं, पण अडलेला माणूस अडलेलाच राहतो. परीक्षेत यंत्राला बोट लागलं की नापास!"

"म्हणजे स्वयंपाक करायचा, पण पळीला शिवायचं नाही! शहाणेच दिसताहेत तुझे सर."

परीक्षेच्या दिवशी आजी पहिल्या रांगेत. मान अशी ताठ, की मागच्यांना समोरचं दिसेना. सरांनी मुद्दामच काहीतरी बिघडवून ठेवलं होतं. संगणकासमोर बसवलं होतं मुख्याध्यापिका बाईंना, कारण त्यांच्याइतकं त्या यंत्राला घाबरणारं शाळेत दुसरं कुणी नव्हतं. माऊस त्यांनी असा धरला होता, जणू तो आता चावणार! प्रोजेक्टरमधून चित्र भिंतीवर यायला हवं होतं, पण भिंत कोरी ती कोरीच. चिमी शेजारी उभी, हात पाठीमागे.

"बाई, काय दिसतंय?"

"भिंत," घाम पुसत बाई म्हणाल्या.

"शेवटचं काय केलं होतं?"

"काहीच नाही गं!"

इतक्यात मागून कुणाची तरी आई कुजबुजली, "हिला येत नाही वाटतं. नुसतीच उभी आहे खांबासारखी."

येत नाही? चिमीला? आजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियम गेला चुलीत!

"अगं, लाव की हात!" ती बसल्या जागेवरून ओरडली. चिमीने नकारार्थी मान हलवली. मग मात्र आजी उठलीच! तरातरा टेबलापाशी गेली आणि चिमीचं मनगट धरून ओढायला लागली. चिमीने पाठीमागे बोटं अशी घट्ट गुंफलेली, की सुटता सुटेनात. आजी ओढतेय, चिमी भिंतीला चिकटलीय, सर "आजी, अहो आजी" करत धावताहेत, आणि बाई माऊस छातीशी धरून बसल्यात!

खट्! संगणक बंद.

आजीने कपाळावर हात मारला. गेला बिल्ला! आणि घालवला कुणी, तर आपणच.

चिमीचा चेहरा लालबुंद झाला होता, पण हात अजून पाठीमागेच. तिने एक लांब श्वास घेतला.

"आजी, बंद पडायच्या आधी काय झालं?"

"मी काही नाही केलं!"

हॉल खदखदून हसला. चिमी तेवढी हसली नाही. अडलेल्या माणसाला हसायचं नाही, हाही सरांचाच नियम.

"बरं. पायाशी काय दिसतंय?"

आजीने खाली पाहिलं. घोट्याला वायरीचा वेढा, आणि वायरीचं टोक भिंतीतून उपटून आलेलं.

"वायर," आजी पुटपुटली.

"तिची जागा कुठली? आधी बटण बंद कर, मग लाव."

"लावली."

"आता संगणकाच्या मागे बघ. तिथल्या वायरी कशा आहेत?"

"एक घट्ट आहे. ही दुसरी मात्र पडायला आलेल्या दातासारखी हलतेय."

"मग?"

"मग काय, दाबते!"

दाबली. बटणंही आजीनेच सुरू केली. सगळ्यांनी श्वास रोखला, आणि भिंतीवर भलंमोठं चित्र उमटलं! प्रोजेक्टरची ती सैल वायर हाच सरांनी लपवलेला बिघाड होता.

टाळ्या थांबेनात. बिल्ला लावताना सर म्हणाले, "यंत्राला बोटसुद्धा लावलं नाही हिने. आणि इतकं अवघड गिऱ्हाईक तर आम्हीही ठेवलं नव्हतं."

आजी गर्रकन मागे वळली. "ऐकलंत? म्हणे येत नाही!"

त्या दिवसापासून जिन्यातलं वाक्य बदललं. "शाळेचं यंत्र मी सुरू केलं. चिमी होती सांगायला."

पुढे एकदा चिमी निरोप घेऊन आली, की नव्या मुलांच्या परीक्षेला सरांनी आजीला खास बोलावलंय. आजीने लगेच दूधवाल्याला अडवलं.

"ऐकलंस का रे? आता मी शाळेत शिकवणार!"

"शिकवायला नाही गं," चिमी म्हणाली. "सर म्हणाले, या वेळी मुद्दाम बिघाड करून ठेवायला नको. आजींना नुसतं यंत्रापाशी सोडलं तरी पुरे."

दूधवाल्याला एकदम खोकला आला. आजीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, चष्मा नाकावर नीट बसवला, आणि म्हणाली, "मग? दुसऱ्या कुणाच्या आजीला बोलावलंय का?"