जाधवनानांचं मीटर

वीज उपकेंद्रात माझा पहिला दिवस. मी वाकून नमस्कार केला, तर जाधवनानांनी माझ्या डोक्यापाशी एक छोटं मीटर धरलं, आकडा वाचला आणि म्हणाले, "आधी खुर्ची चार फूट सरकव, बेटा. मग आशीर्वाद."

नाना आमच्या कंट्रोल रूममधले सर्वांत जुने ऑपरेटर. जाड केबलींभोवतीचं चुंबकीय क्षेत्र त्यांच्या मीटरवर दिसतं. "करंट लागला की माणूस ओरडतो तरी. हे तर एकदम चुपचाप येतं!" असं म्हणत, खुर्च्या कुठवर ठेवायच्या ते दाखवायला ते फरशीवर खडूच्या रेघा आखतात. साहेब पुसायला लावतात, दुसऱ्या दिवशी रेघा हजर. आकडे मर्यादेत आहेत, असं साहेबांचं म्हणणं. "मर्यादेत तर मीपण आहे, साहेब," नाना म्हणतात, "तरी बायको वैतागतेच ना?"

आमच्या शहरातल्या शिंदे की छावनी या मोहल्ल्यात त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू, आणि नाना मीटर घेऊन थेट बोहल्यावर! मागे जनरेटर धडधडत होता. "सरका, सरका!" नवरा, नवरी, अंतरपाटासकट भटजी, अक्षता मुठीत घेतलेलं सगळं वऱ्हाड पंधरा फूट सरकलं. विहीणबाई कडाडल्या, "अहो, मुहूर्त टळतोय!"

"मुहूर्त दुसरा मिळेल हो. रक्त कुठून आणायचं?"

हसून हसून माझं पोट दुखलं. पण खरं सांगते, दुसऱ्याच्या जिवासाठी चारचौघांत असं हसू करून घ्यायला छाती लागते. माझ्यात ती नाही.

रक्ताची ही धास्ती त्यांना का, ते सगळ्या स्टाफला ठाऊक आहे. वसंतराव हे नानांचे ड्यूटीवरचे जुने जोडीदार. गेल्या वर्षी त्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला, आणि तो केबलींच्या चुंबकीय क्षेत्रानंच झाला, असं नानांनी धरलंय. त्यांची खुर्ची केबलींच्या भिंतीला टेकलेली असायची. मूळची ती नानांची. कूलरचा वारा मानेवर येतो म्हणून नानांनी बदलून मागितली आणि वसंतरावांनी हसत हसत दिली. एवढंच घडलं होतं. "त्याची माफी मागायचीये," एकदा चहा पिताना नाना मला म्हणाले. "दर रविवारी ठरवून जातो आणि तोंडच उघडत नाही."

म्हणून एका रविवारी मीही सोबत गेले, दर्पण कॉलनीत वसंतरावांच्या घरी. नानांनी तिथे फ्रिज मोजला, इन्व्हर्टर मोजला, पंखासुद्धा सोडला नाही. फक्त पलंगाकडे काही जाईनात. वसंतराव उशीला टेकून बघत होते, फार वाळले होते. मला राहवेना. "नाना, आता बोला बरं!"

नाना दाराजवळच्या स्टुलावर मटकन बसले. "वसंता, ती खुर्ची माझी होती रे. माझ्या मानेपायी तू..."



"डॉक्टर म्हणतात, कशानं झालं ते सांगता येत नाही," वसंतराव म्हणाले. "आणि तू यार, मीटर घेऊन फैसला करून मोकळा?"

"पण वसंता..."

"अरे, वर्षभर येतोयस. भिंती मोजतोस आणि पळतोस. मला वाटलं, माझं आता खरं नाही, म्हणून तू माझ्याकडे बघत नाहीस. रविवार संपला की मी रडायचो, माहितीये?"

नाना उठले, पलंगावर बसले आणि वसंतरावांचा हात दोन्ही हातांत धरून ढसाढसा रडले.