तात्यांचं पित्त

आमचे शेजारी बबनतात्या रोज सकाळी सहाला पित्त पाडतात. कामथडीच्या शाळेत बदलून आलो, त्या पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून तो आवाज आला आणि मी हबकलो. वाटलं, गेला माणूस! अनवाणीच धावलो. तात्या मोरीवर उकिडवे, घशात दोन बोटं, बाजूला मिठाच्या पाण्याचा तांब्या. मला बघून त्यांनी तोंड पुसलं.

"या गुर्जी. तुमी पाडत न्हाई व्हय?"

अख्ख्या आळीच्या पित्ताचा मक्ता त्यांच्याकडं. एसटीतल्या अनोळखी बाईलाही ते सांगणार, "रिकाम्या पोटी चा पिताय. डोळ्यांत दिसतंय!" एका लग्नात तर माझ्या पानातली मिरची त्यांनी स्वतःच्या हातानं उचलली. "तिखट बंद. जेवून लगीच आडवं व्हायचं न्हाई. पित्त म्हंजी दुष्मन, गुर्जी!"

आणि हे धन्वंतरी स्वतः काय जेवायचे? एकदा दारातून पाहिलं आणि थक्क झालो. ताटात लालभडक कालवण, डोळ्यांतून धारा, आणि वर चमचाभर खायचा सोडा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मला रागच आला.

मग एका सकाळी त्यांच्या मोरीत रक्त दिसलं. तसंच त्यांना मोटरसायकलवर घालून नसरापूरला डॉक्टरकडं नेलं.

"बोटं घालणं बंद!" डॉक्टर कडाडले. "तो सोडा बंद! पोटात जखम असणार, दुर्बिणीनं तपासून घ्या. आणि तिखट अजिबात नको."

तात्या मान खाली घालून ऐकत होते. येताना मी बजावलं, "घरी काकूंना मीच सांगतो आता, तिखट बंद म्हणून." दाराशी येताच त्यांनी माझा दंड धरला.

"गुर्जी, तिला काय बोलू नका. तिला इसर पडतोय. तिखट टाकलं का न्हाई ध्यानात ऱ्हात न्हाई, दोनदोनदा टाकती. मागं म्या एकदा बोललो, तर दोन दिस भिताडाकडं त्वांड करून बसली. चुलीपाशी आलीच न्हाई."

"अहो, पण तुमचं पोट?"

"गोळ्या दिल्यात की."

काकूंनी आम्हा दोघांची ताटं मांडली. माझ्यादेखत कालवणात चमचाभर तिखट घातलं, डबा मिटला, जरा घुटमळल्या, आणि डबा उघडून पुन्हा चमचा भरला. पहिल्याच घासाला माझा घसा पेटला. तात्या मुकाट्यानं जेवत होते.

"पावनं, लाजू नका. अजून घ्या," काकू म्हणाल्या.

मी घाईघाईनं ताटावर हात आडवा धरला. पण पळी माझ्याकडं आलीच नव्हती. काकू तात्यांकडं बघत होत्या, चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याकडं.

तात्यांनी ताट पुढं केलं.

"वाढा की," ते म्हणाले. "लई झ्याक झालंय."