तेजस्वीच्या पावडरीचा डबा

उजळाईवाडीच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत अनुजाने बाळाची पिशवी तिसऱ्यांदा चाचपली. गरम पाण्याचा थर्मास होता, दोन बाटल्या होत्या, लाळेरं होतं आणि पावडरीचा डबाही होता. टायफॉइडने तिचं दूध आटलं, तेव्हापासून सात महिन्यांची तेजस्वी या पावडरीवरच वाढत होती. आता अनुजाची बाळंतपणाची रजा संपली होती. नवरा उदयसिंह हैदराबादेत घर लावून बसला होता आणि बाळ सांभाळायला सासूबाई, म्हणजे आक्का, मुरगूडहून पहिल्यांदाच विमानाने निघाल्या होत्या. आठ दिवसांत अनुजाला सलग तीन तास झोप नव्हती. साडेअकराचं दूध वेळेवर पोरीच्या पोटात जावं, एवढीच तिची देवाकडे मागणी होती. भुकेजली की ही पोर गल्ली गोळा करायची, आणि विमानातून तर कोणाला उठून जाताही येत नाही.

आक्कांना मात्र ही पावडर पहिल्यापासून खुपत होती. "दावणीला तीन म्हशी हायत आन् नात डबा पितीया. लोक त्वांडात श्याण घालतील," हे त्या रोज एकदा तरी म्हणत. डॉक्टरांनी वर्षापर्यंत म्हशीचं दूध नको म्हणून बजावलं होतं. पण डॉक्टरांच्या दारात म्हैस नव्हती, तेव्हा आक्कांच्या लेखी त्यांचं मत धरण्यासारखं नव्हतं. म्हणूनच अनुजाने पिशवी स्वतः भरली होती. कोणाला हात म्हणून लावू दिला नव्हता.

"डबा उघडा," टेबलामागची पोलीस बाई म्हणाली.

"बाळाची पावडर आहे. चालते न्यायला. हा नियम बघा," म्हणत अनुजाने छापून आणलेला कागद पुढे केला आणि झाकण उचकटलं.

आत लालभडक कांदा-लसूण चटणी होती.

आधी पोलीस बाई शिंकली, मग मागचे गृहस्थ, मग त्यांच्या मागचे दोघे. तेजस्वीनेही एक बारीकशी शिंक दिली आणि भोकाड पसरलं.

"ताई, चटणी खातंय व्हय बाळ?" पोलीस बाईने डोळे पुसत विचारलं.

आक्कांच्या स्वयंपाकघरात चांगला डबा टाकून देणं पाप होतं. उन्हाळ्यात कांडपावरून आलेली वर्षाची चटणी त्यांनी पावडरीच्या पाच रिकाम्या डब्यांत भरून फळीवर मांडली होती. सकाळी दूध पाजून अनुजाने चालू डबा त्याच फळीवर ठेवला आणि निघताना झोपेच्या तारेत शेजारचा उचलला.

"आक्का, चटणी भरलीय हे सांगायचं तरी!"

"आता त्यात काय सांगायचं? झाकण बघ की कसं घट्ट बसतंय. पावडर वंगाळ, पर डबा झ्याक."

"आज्जी, चटणी विमानात चालत न्हाय. हितंच ठेवा," पोलीस बाई म्हणाली.

"मग तकडं भाकरी कशासंगं खायाची?" आक्कांचा आवाज पार दारापर्यंत गेला. "बरं, तू घिऊन जा घरला, ल्येकी. संकेश्वरी मिरची हाय."

"ड्यूटीवर हाय मी. न्हाय घेता येत."

आक्कांनी जड मनाने डबा काढून घेतलेल्या वस्तूंच्या खोक्यात ठेवला आणि "झाकण उघडं ठिवू नगा, सादळतीया," असं त्या खोक्यालाच बजावलं.

मुरगूडहून खरा डबा यायला सव्वा तास लागला असता आणि विमान सुटायला पाऊण तास होता. इकडे तेजस्वीचा सूर चढत चालला. आक्कांनी एक रिकामी बाटली उचलली आणि दाराकडे तोंड वळवलं.

"कुठं निघालात?"

"उजळाईवाडीत म्हशी असतीलच की. धार काढून आलोच मी."

"आज्जी, भाईर गेलासा तर विमान जाईल," पोलीस बाई आडवी आली.

"जाऊ दे. पोरगी उपाशी हाय. फुडचं किती वाजता हाय?"

"उद्या."

अनुजाचा धीर सुटला. "आक्का, तुम्ही गेलात तर मी एकटी काय करू?" म्हणत ती तिथेच उभ्याउभ्या रडायला लागली. डबा, पोर, नोकरी, झोप, सगळंच त्या रडण्यात होतं. आक्का परत फिरल्या आणि त्यांनी पदराने आधी सुनेचे आणि मग नातीचे डोळे पुसले.

तेवढ्यात मागून दुसऱ्या विमानाने निघालेली इचलकरंजीची त्रिशला पुढे झाली. तिच्या कडेवर दहा महिन्यांचं पोर होतं आणि पिशवीत हीच पावडर. "रडताय कशाला ओ? आमच्याकडं हाय की!" तिने चार चमचे बाटलीत घातले, थर्मासमधलं पाणी ओतलं, बाटली हलवली आणि दूध तयार झालं.

"आता एक घोट कुणीतरी पिऊन दाखवा," पोलीस बाई म्हणाली. "चटणी निघाल्यावर मी तरी कशी सोडू?"

अनुजाचे दोन्ही हात पोरीत गुंतले होते. राहिल्या आक्का. त्यांनी बाटलीकडे पाहून नाक मुरडलं, बूच काढलं, डोळे मिटले आणि एक घोट घेतला.

"कसं हाय, आज्जी?"

"हाय आपलं," आक्का म्हणाल्या. "नीट कळलं न्हाय." आणि त्यांनी दुसरा घोट घेतला.

दूध बाळाला पोळेल इतकं गरम होतं; ते निवेपर्यंत विमानात बसायची वेळ झाली आणि तेजस्वी रडून रडून आक्कांच्या खांद्यावर झोपली. "उठली की लगेच पाजा," एवढं सांगून अनुजाने पट्टा लावला आणि मान टाकली. कित्येक दिवसांनी तिला अशी गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा खाली हैदराबाद दिसत होतं. तेजस्वी आजीच्या मांडीवर होती आणि आजीच्या हातात बाटली, तळापर्यंत रिकामी.

"प्यायली?" अनुजाला एकदम हलकं वाटलं.

"न्हाय गं. ती कुठं अजून उठलीया?"

"मग दूध?"

"गार व्हाय लागलं. दूध वाया घालवत्यात व्हय कुणी?" आक्कांनी पदराने तोंड पुसलं.

नेमकी तेव्हाच तेजस्वीने डोळे उघडले आणि रिकामी बाटली पाहून जो सूर लावला, त्याने पुढच्या चार रांगा मागे वळल्या. रागवायचंही त्राण अनुजात उरलं नव्हतं. ती पोरीला थोपटत, दारं कधी उघडतात याची वाट बघत बसली.

"उतरल्या उतरल्या उदयाला फोन लाव," आक्का म्हणाल्या. "पावडरीचं दोन डबं आण म्हणावं."

"दोन कशाला, आक्का?"

आक्कांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. "एक लेकराला. आन् चहात काय पाणी वतायचं?"