फरशीवरची किल्ली

आमच्या लुओयांगच्या बागेत फरशीवर पाण्याने चिनी अक्षरं काढणारे सतरा म्हातारे आहेत आणि त्यांत माझ्या तोडीचा एकही नाही! हे मी म्हणत नाही, अख्खी बाग म्हणते. मी फक्त दुजोरा देतो. लांब दांड्याचा ब्रश बादलीत बुडवायचा, फरशीवर जुन्या कविता उतरवायच्या आणि त्या वाळायच्या आत लोकांची वाहवा घ्यायची, हा माझा रोज सकाळचा कार्यक्रम. म्हणून तर गिंकोच्या झाडाखालची सावलीतली फरशी माझी! सगळे मला फान मास्तर म्हणतात. मी निवृत्त झालो तो पोस्टातून, पण कशाला कुणाची चूक काढा!

त्या सावलीवर डोऊचा डोळा होता. डोऊ म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. अक्षर बरं आहे त्याचं, पण प्रत्येक वळणावर कलंडतं.

"मास्तर, तुम्ही पाठ झालेल्या कविताच लिहिता," एका सकाळी तो सगळ्यांसमोर म्हणाला. "रोजच्या बोलण्यातला एक शब्द सांगतो, लिहून दाखवा. नाही जमलं तर सावली माझी!"

"एक काय, शंभर सांग!" मी म्हणालो. माझी जीभ नेहमी माझ्या दोन पावलं पुढे असते.

झालं! बागेच्या मधल्या चौकात भर उन्हात गर्दी जमली. कुणी फोनमध्ये बघू नये म्हणून सगळ्यांचे फोन आमच्या खालच्या मजल्यावरच्या थांग मावशींच्या पिशवीत गेले.

"किल्ली!" डोऊ म्हणाला.

मला हसूच आलं. अहो, हा शब्द मी फोनवर दिवसातून चारदा लिहितो! म्हणजे उच्चार दाबला की फोनच अक्षरं पुढे करतो, मी बोट ठेवतो. हाताने लिहायचं तर आमच्या लिपीत उच्चार कामाचा नाही, अक्षराचा एकेक भाग आठवावा लागतो. मी ब्रश बुडवला, किल्ली धातूची म्हणून डावीकडे धातूची खूण झोकात काढली आणि हात थांबला. धातूच्या उजवीकडे काय असतं? डोक्यात काही म्हणजे काही नाही!

"मास्तर श्वास साधतायत!" मागून एक बाई कुजबुजल्या.

मग मी आणखी साधला. तोवर तापलेल्या फरशीवरची खूण वाळून गेली. पुन्हा काढली. पुन्हा वाळली.

"मास्तर, लिहिताय की फरशी धुताय?" डोऊ ओरडला.

घाबरून मी उजवीकडे एक लांबलचक फराटा ओढला.

"अहाहा! मुक्त शैली!" त्याच बाई.

"शैली गेली खड्ड्यात! ही किल्ली आहे की नाही, तेवढं सांगा!" डोऊ म्हणाला.

आता गंमत बघा. सांगणार कोण? जो तो तळहातावर बोटाने गिरवायला लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धातूशेजारी सूर्य असतो. एक इंजिनिअर म्हणाला, "किल्ली आहे म्हटल्यावर दार नको का?" निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "माझा फोन द्या, लगेच सांगतो!"

"तूच लिही ना मग!" मी डोऊच्या हातात ब्रश कोंबला. त्याने धातूची खूण काढली आणि सिग्नल लागल्यासारखा जागच्या जागी उभा राहिला! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "अहो! किल्ली!"

आमची ही! शूझन! हातात भाजीची जुडी, डोळ्यांत अंगार.

"किल्ली खिशात घालून इथे बसलात! तासभर दाराबाहेर उभी आहे मी!" मग तिचं खाली लक्ष गेलं. "आणि हे काय चितारलंय?"

"किल्लीच," मी पुटपुटलो.

तिने जुडी डोऊच्या हातात दिली, ब्रश घेतला आणि दोन अक्षरं अशी काढली, अशी काढली, की बघत राहावं! धातूशेजारी चंद्र होता! बघताक्षणी चाळीस जण एकदम ओरडले, "अरे हो! हीच की!"

"तुम्हाला कसं येतं हो, वहिनी?" डोऊने विचारलं.

"न येऊन सांगते कुणाला? हे महिन्यातून वीसदा किल्ली विसरतात. दारावर चिठ्ठी लावते ना मी, किल्ली थांग मावशींकडे आहे म्हणून! सहा वर्षं वाचतायत."

वाचतोय हो! वाचायला काय जातंय!

खरं तर मला लाज वाटायला हवी होती. पण ऊर असा भरून आला! पाचवीत शाळा सुटलेली माझी बायको आणि समोर डॉक्टर, इंजिनिअर, हेडमास्तर गप्प! "बायको कुणाची आहे!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो, की झाडावरची कबुतरं उडाली.

लोकांनी सावलीची फरशी एकमताने शूझनला देऊन टाकली.

"मला कुठे वेळ आहे?" ती म्हणाली. "जागा माझी, पण बसायचं तुम्ही दोघांनी. शब्द मी देईन."

तेव्हापासून मी आणि डोऊ गिंकोखाली शेजारी शेजारी बसतो. ती रोज वीस शब्द लिहायला सांगते. खोकला, झुरळ, वांगं, असले! चुकलेला शब्द दहा वेळा गिरवायचा आणि मगच नाश्ता.

काल मला वीसपैकी नऊ मिळाले. डोऊला आठ!