भविष्यातून आलेला रिपोर्ट

"दहा मिनिटांचं काम आहे!" असं पंडितांनी लॅबवाल्या बाईंना सांगितलं आणि तिथेच माशी शिंकली. पंडित हे काही त्यांचं नाव नव्हे. सगळ्यातलं सगळं कळतं म्हणून त्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसने बहाल केलेली पदवी!

लॅबच्या सर्व्हरवरून रक्ताचे रिपोर्ट थेट हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर जायला हवे होते. दोन्हीकडची सॉफ्टवेअर्स वेगळ्या कंपन्यांची, त्यामुळे विश्वास शून्य! प्रत्येक रिपोर्टवर सही-शिक्का आणि वेळ घालून पाठवायचं, तिकडे ते तपासलं जायचं. एक वाजता मोठे डॉक्टर बघायला येणार होते. तोवर जमलं नाही तर पंडितांचं काम दुसऱ्या कंपनीला, आणि बाई दुखऱ्या गुडघ्यांनी कागद घेऊन पुन्हा तीन मजले वर!

पहिला रिपोर्ट नाकारला गेला. पंडितांनी सही बदलली, पासवर्ड बदलला. पुन्हा नकार! आता त्यांना राग येण्याऐवजी कुतूहलच वाटू लागलं. त्यांनी हॉस्पिटलच्या इंजिनिअरला फोन लावला.

"अहो, तुमचा रिपोर्ट आठ मिनिटांनंतर तयार झालाय!"

"म्हणजे?"

"म्हणजे तो अजून तयार व्हायचाय! भविष्यातला माल आमचं मशीन घेत नाही."

पंडितांनी मनगटाकडे पाहिलं. सासऱ्यांनी दिलेलं चावीचं घड्याळ. मोबाइलच्या वेळेवर त्यांचा भरवसा नव्हता.

"माझं घड्याळ आणि सर्व्हर तंतोतंत जुळतायत! तुमचंच मागे आहे, पुढे करा!"

सर्व्हरची वेळ सकाळी आपणच या घड्याळावरून लावली, हे त्या आवेशात कुणाला आठवतंय? इंजिनिअर बिचारा साधा. त्याने घड्याळ पुढे केलं. रिपोर्ट गेला! बाईंनी टाळ्या वाजवल्या. पण लगेच इंजिनिअरचा फोन आला, "बाकीच्या तिन्ही लॅबचे रिपोर्ट शिळे म्हणून परत जातायत! मी घड्याळ पुन्हा मागे घेतो!"

आली का पंचाईत! तेवढ्यात बायकोचा फोन.

"जेवलात का? पावणेएक झाला."

"पावणेएक कुठला? एकला सात कमी!"

पलीकडे बायकोने घसा खाकरला.

"अगं?"

"रागावू नका हं. तुम्ही निघायला उशीर करता, म्हणून चावी देताना मी तुमचं घड्याळ आठ मिनिटं पुढे ठेवते. अकरा वर्षं झाली."

पंडितांनी निमूटपणे सर्व्हरची वेळ बदलली. एक वाजता डॉक्टरांसमोर रिपोर्ट सुरळीत गेला. बाई हायसं वाटून खुर्चीत बसल्या.

"नक्की काय बिघडलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन प्लॅटफॉर्ममधली एक अतिसूक्ष्म विसंगती!"

काम हातचं गेलं नाही. पण पंडितांना चैन पडेना. जिन्यात जाऊन त्यांनी बायकोला फोन केला.

"अगं, अकरा वर्षं मी आठ मिनिटं पुढे होतो, तर मग ऑफिसात रोज उशिरा कसा पोहोचायचो?"

"तेच तर मलाही कळत नाही हो!"