तात्यांचा साहेब

लिहायला बसलोय खरा, पण हा आगाऊपणाच. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नाही. मीही बी.ए.ला बसतोय तो बाहेरून, दोहाच्या कँपात टाइमकीपरची नोकरी सांभाळून. चुकलं तर सांभाळून घ्या. मी लिहिलं नाही, तर तात्यांवर लिहिणार कोण?

महादू जाधव आमच्या मेसचे आचारी, साताऱ्याकडचे. त्यांना सगळे तात्याच म्हणत. दर दोन-तीन वर्षांनी ते अचानक साऱ्या मेसला शिरा घालत. "आमच्या सायबाला बढती मिळाली!"

साहेब म्हणजे कॅप्टन हॅरिस. पलटणीत तात्या त्याचे ऑर्डर्ली होते. इंग्रज गेले, हॅरिसही बोटीत बसला. पण तात्यांनी मनातल्या मनात त्याची फौजेतली नोकरी चालूच ठेवली. मी आलो तेव्हा तो ब्रिगेडियर होता. गेल्या हिवाळ्यात मेजर जनरल झाला.

"तात्या, आता रिटायर करा की त्याला!" मोहिते वेल्डर म्हणाला.

"सायब कोन, तू का मी? यल्ला, चल, शिरा गिळ."

शुक्रवारी सुट्टी. तात्या आमचे वाळूने भरलेले बूट ओळीनं मांडून पॉलिश करत. नको म्हटलं तर रागावत. "सायब रातच्याला बूट दाराभाईर ठिवायचा. सकाळी त्यात तोंड दिसाय पायजे." मग ब्रश थांबे. "तिकडं कोन करत आसंल रं?"

आमचा इंग्रज इंजिनियर हॅरिसच्याच भागातला निघाला. तात्यांनी मला पुढं घातलं. "तुजं विंग्रजी काड भाईर. सायबाचा पत्त्या लावा म्हनावं."

रजेवरून परतल्यावर इंजिनियर मेसमध्ये आला. तो सांगत होता, मी मराठीत सांगत होतो. साहेबानं घरी जाताच फौज सोडली. मग कोंबड्या पाळल्या. मागच्या थंडीत वारला. कॅप्टनच होता, हे मात्र माझ्या तोंडून निघेना. निघालं तेव्हा मोहितेनं मान खाली घातली.

तात्या उलथन्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बूट कोन करायचं, त्ये इचार."

इंजिनियर हसला. साहेबाच्या मुलीनं त्याला सांगितलं होतं: म्हातारा शेवटपर्यंत रोज रात्री बूट दाराबाहेर ठेवायचा. सकाळी तसेच पायांत घालायचा. ती पुसायला गेली, तर म्हणायचा, राहू दे, महादू करील.

"हा महादू कोण?" इंजिनियरनं मला विचारलं.

मी काही सांगायच्या आत, उलथनं तसंच हातात धरून, तात्या ताठ उभे राहिले.