शोनागचे जांभळे मोजे

लाखलनच्या दारात एक लाकडी पिंप होतं. शोनाग रंग करतेय हे लोकांना त्याच्या वासावरूनच अर्ध्या वाटेवर कळायचं. कड्यावरचं दगडफूल चमच्याने खरवडायचं, शिळ्या मुतात भिजवायचं, रोज ढवळायचं, की असा जांभळा रंग उतरायचा, बघत राहावं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती बजावायची, "जाताना पिंपाशी थांबून जा हं!" सगळे थांबायचे. लाखलनचा रोरीमामा तेवढा नाक दाबून लांब भिंतीआड जायचा.

शोनाग डोंगरातली, लाखलनची नवी नवरी. खडकावरचं खडकाकडे परत जातं आणि अंगावर घालणाऱ्यालाही घेऊन जातं, म्हणून या बेटावर दगडफुलाचा रंग घालून कोणी समुद्रात उतरत नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिने मोजे विणले, स्वतःच्या हाताने लाखलनच्या पायात चढवले.

"ऊब आहे ना रे?"

लाखलनला तिचं मन मोडवेना. मोजे दिसू नयेत म्हणून त्याने वरून बूट घातले आणि तो बोटीवर गेला.

मामाची बोट जुनी, गळकी. मामा सुकाणूवर, तोर्मोद जाळ्यावर आणि लाखलन बादली घेऊन पाणी उपसायला. हे काम कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. त्या दिवशी लाट आत आली, बूट भरले आणि लाखलनने सवयीने ते काढून उपडे केले.

तोर्मोद किंचाळला, "मामा, ह्याचे पाय बघा!"

"गाढवा! फेक ते आधी!" मामा ओरडला.

"शोनागला काय सांगू?"

"मेलास तर काय सांगशील?"

"फेकून काय उपयोग?" तोर्मोद म्हणाला. "रंग कातडीला लागलाय. ह्यालाच उतरवा."

वाटेतल्या खडकावर सील लोळत होते. त्यांच्यात लाखलनला उतरवलं. "संध्याकाळी नेतो," मामा म्हणाला. "तोवर तू आणि तुझा खडक काय ते बघून घ्या."

लाखलन शिव्या घालत बसला. मग त्याने पाहिलं, बोट पाण्यात खाली खाली बसत चालली होती.

"बादली!" तो ओरडला. "अरे, बादली घ्या!"

हा शाप देतोय असं समजून दोघांनी पाठ फिरवली.

बोट बुडाली. मामा वल्ह्याला धरून कसाबसा खडकावर आला. तोर्मोद आला नाही. मामाचे पाय काळेनिळे पडले होते. लाखलनने एक मोजा काढला. "नको रे," मामा म्हणाला, पण पाय मागे घ्यायचीही ताकद नव्हती. सकाळी दुसऱ्या बोटीने दोघांना उचललं.

तोर्मोदचं प्रेत किनाऱ्याला लागलं. त्याला पुरताना त्याची आई शोनागला म्हणाली, "तुझ्या मोज्यांनी माझं पोर खाल्लं."

सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. आता माहेरी निघून जायचं, एवढंच शोनागच्या मनात आलं. तेवढ्यात मामाने वाकून विजार वर केली; एका पायात जांभळा मोजा होता.

"हा घालून मी जिवंत आहे," तो म्हणाला. "पाणी उपसणारा माणूस मी उतरवला, बाई. बोलायचं ते मला बोला."

तोर्मोदच्या आईने पाठ फिरवली. मातीनंतर सगळे प्यायला बसले, तेव्हा मामाच्या शेजारी कोणी बसलं नाही, त्याच्या पेल्यात कोणी व्हिस्की ओतली नाही. फार केविलवाणा दिसत होता म्हातारा.

संध्याकाळी तो लाखलनच्या दारात उभा राहिला.

"एकच पाय उबेत आहे गं. दुसरा विणून देशील?"

शोनागने डोळे पुसले. "देईन की. पण पिंप रिकामं आहे, मामा."

मामाने इकडेतिकडे पाहिलं, नाक दाबलं आणि पिंपाकडे वळला.